रानडुकरासाठी कोणती रायफल घेऊ?

पत्र: "काका, मुंबईची नोकरी सोडून तीन वर्षांपूर्वी लांजा तालुक्यातल्या आमच्या गावी परतलो. दोन एकर भात, खाली भुईमूग आणि रताळी, वरच्या धारेला दीडशे काजूकलमं. गेल्या वर्षी भात पोटरीत असताना एका रात्रीत डुकरांनी सात कुणगे लोळवले. वडिलांच्या नावावर शेती संरक्षणाची ठासणीची बंदूक आहे. ते ७२ वर्षांचे, रात्रीचं दिसत नाही, म्हणून हल्ली ती मीच घेऊन जातो. आता चांगली रायफल घ्यायची ठरवलीय. व्हिडिओंमध्ये सगळे .३०८ म्हणतात, गावातले जुने लोक .३१५ म्हणतात, मित्र म्हणतो घ्यायचीच तर थर्टी-ऑट-सिक्स घे. खालच्या अंगाला दीडशे मीटरवर आमची वाडी आहे, त्यामुळे एका गोळीत काम झालं पाहिजे. कोणतं कॅलिबर घेऊ?"

तुमचं मूळ पत्र तीन पानांचं. इथे छापताना कापावं लागलं, पण वाडीची ओळ मी मुद्दाम ठेवली. तुम्ही ती जाता जाता लिहिलीत, आणि तिचा अर्थही उलटा लावलात. वाडी जवळ आहे म्हणून जास्त ताकदीची गोळी हवी, असं तुम्हाला वाटतंय. मी बावीस वर्षं सैन्यात आर्मोरर होतो. बंदुका उघडण्यात आणि जोडण्यात आयुष्य गेलं, कॅलिबरचा विषय निघाला की रात्र सरते. तरी तुमच्या शेतापुरतं माझं म्हणणं एवढंच आहे: गोळी डुकराला लागून किंवा चुकून पुढे कुठे जाऊन थांबणार, हे आधी ठरवा. बोअर, म्हणजे तुमचं ते कॅलिबर, त्यावरून ठरेल.

आधी .३०८ निकालात काढू. हे काडतूस म्हणजे सैन्याच्या ७.६२ बाय ५१ चंच नागरी भावंड. सैन्याचं ७.६२ किंवा .३०३ चं काडतूस ज्या रायफलीत बसतं आणि उडतं, ती आपल्याकडे नागरिकाला साध्या परवान्यावर मिळत नाही, मग ती बोल्ट ॲक्शन का असेना. थर्टी-ऑट-सिक्सची गोळी जाडीला अगदी तीच, .३०८ इंच. पण तिचं कवच ६३ मिलिमीटर लांब आणि सैन्याचं ५१, म्हणून ती चालते. कायद्याला गोळीच्या जाडीशी देणंघेणं नाही, चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसायच्या जागेत, काय बसतं ते तो बघतो. व्हिडिओवाले बहुतेक अमेरिकेतले. त्यांचं रान वेगळं, कायदा वेगळा.

.३१५ चा इतिहास मला फार आवडतो, म्हणून दोन ओळी जास्त. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज सरकारने .३०३ सारखी लष्करी बोअर नागरिकांना बंद केली. भीती ही, की फौजेचं काडतूस चोरीला गेलं तर ते बंडखोराच्या बंदुकीत बसायला नको. मग विलायती कारखानदारांनी ऑस्ट्रियाच्या मानलिखर रायफलचं ८ मिलिमीटरचं काडतूस उचललं आणि त्यावर हिंदुस्थानसाठी शिकारी रायफली काढल्या. ८ मिलिमीटर म्हणजेच .३१५ इंच. स्वातंत्र्यानंतर इशापूरच्या सरकारी कारखान्याने तीच वाट धरली. काडतुसं आपल्या खडकीची. बुडावर 'केएफ' दिसेल, कारण इंग्रज खडकीला किरकी म्हणत. दारूगोळा कारखाना तिथे १८६९ पासून आहे. फौजेच्या हातून पळवलेलं काडतूस कुणाच्या बंदुकीत बसू नये म्हणून जन्मलेलं हे बोअर पुढे उत्तरेकडच्या गावठी कट्ट्यांचं लाडकं झालं, हा त्यातला विनोद.

कामाच्या दृष्टीने बघितलं तर .३१५ ची गोळी जड आणि संथ. वजन साधारण १६ ग्रॅम, वेग सेकंदाला ६०० मीटरच्या थोडा वर. सॉफ्ट नोज, म्हणजे मऊ टोकाची, लागल्यावर पसरणारी गोळी असेल तर शंभर मीटरच्या आत कोणतंही डुक्कर बसवायला ती पुरून उरते. थर्टी-ऑट-सिक्सची नेहमीची गोळी पावणेबारा ग्रॅमच्या आसपास, पण वेग ८०० मीटरच्या पुढे. सपाट जाते, लांब जाते, दोनशे मीटरवरही नेम फारसा वर धरावा लागत नाही. विदर्भातल्या किंवा मराठवाड्यातल्या मोकळ्या शिवाराचा प्रश्न असता तर मी हिच्याबद्दल आणखी बोललो असतो. तुमच्या काजूत आणि आंजणी-करवंदीच्या जाळीत दोनशे मीटर दिसतं तरी का? रात्री बॅटरीच्या उजेडात डुक्कर दिसणार पंधरा, वीस, फार तर तीस मीटरवर. तेवढ्या अंतरात वेगाचा उपयोग शून्य. तोच वेग डुकरातून पलीकडे निघतो आणि वाडीकडे जातो. ही गोळी हवेत सुटली तर तीन किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते. .३१५ थोडी कमी, पण दीडशे मीटरवरच्या वाडीला त्या फरकाचं काय?

शिवाय आपला जांभा. ज्याने कातळावर गोळी घसरताना ऐकली आहे, तो सड्याच्या कडेला रायफल झाडत नाही. माती गोळी गिळते, दगड तिला दिशा बदलून पुढे पाठवतो. भात कापल्यावर वाळून कडक झालेला कुणगाही चपट्या कोनात तसाच वागतो.

आता तुम्हाला न आवडणारं. शेती संरक्षणासाठी रायफल मागायला जाल तर कायदाही तुमच्या बाजूने फारसा नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचं कलम १३ पीक संरक्षणासाठी मुळात ठासणीची बंदूक धरतं. ती पुरेशी नाही हे परवाना अधिकाऱ्याला पटलं, तर किमान २० इंच नळीची दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे व्यवहारात बारा बोअर. रायफलसाठी वेगळं सबळ कारण दाखवावं लागतं, आणि 'डुकरं येतात' याला अधिकारी उत्तर देणार, 'मग बारा बोअर घ्या.' मला विचाराल तर त्याचं बरोबर आहे.

माझंही उत्तर तेच. दुनळी बारा बोअर.

नाक मुरडू नका. बारा बोअर म्हणजे नळीत बरोबर बसणाऱ्या शिशाच्या बारा गोळ्यांचं वजन एक पौंड. नळी साधारण साडेअठरा मिलिमीटर. त्यातलं एलजी काडतूस सुमारे नऊ मिलिमीटर जाडीचे सहा छर्रे फेकतं. एसजीचे छर्रे थोडे बारीक आणि संख्येने जास्त. एकगोळी काडतूस, ज्याला कुणी बॉल म्हणतात कुणी स्लग, सुमारे २८ ग्रॅमचा एकच शिशाचा गोळा फेकतं. पन्नास मीटरच्या आत तो बसला की डुकराला .३१५ ची आठवण येत नाही. आणि चुकलेला एलजीचा छर्रा फार फार तर सातशे मीटर जातो. तेही थोडं नाही, वाडी त्याच्या आत येते हे लिहून ठेवा. पण लांब जाता जाता त्याचा जोर झपाट्याने मरतो. रायफलची गोळी तिथे पोचते तेव्हा ती अजून रायफलचीच गोळी असते.

एलजीला अंतर पंचवीस, फार तर तीस मीटर. त्यापुढे छर्रे पांगतात, एखादा पोटात, एखादा मांडीत, आणि डुक्कर घायाळ होऊन जाळीत शिरतं. ठासणीतून मूठभर छर्रे मारण्याची सवय असलेल्यांना हे पटत नाही, म्हणून बंदूक आल्यावर पुठ्ठ्याचं मोठं खोकं उलगडून पंचवीस मीटरवर उभं करा आणि एक काडतूस झाडा. अर्थात कुठेही नाही, ठाण्यात विचारून, जिथे सरावाला मुभा आहे तिथे. सहापैकी चार भोकं ताटाएवढ्या वर्तुळात पडली तर ते तुमचं अंतर. नाही पडली तर वीसवर या. दोन्ही नळ्यांचा चोक, म्हणजे तोंडाशी नळी आवळत आणलेली असते ते, वेगळा असतो, म्हणून दोन्ही तपासा. आणि एकगोळी काडतूस फुल चोकच्या नळीतून तसंच झाडू नका. ते त्या चोकला चालणारं आहे का, हे खोक्यावर वाचा, नाहीतर बंदूक दुरुस्त करणाऱ्या जाणत्याला विचारा. नळी फुगलेली बंदूक मी टेबलावर पाहिली आहे, ती धरणाऱ्याचा हातही पाहिला आहे.

बैठकीवर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण बंदुकीपेक्षा बैठकीने जास्त डुकरं पडतात.

माळा कुठे बांधला आहे हे तुम्ही लिहिलं नाहीत. आपल्याकडे तो बहुधा वरच्या बांधावर असतो, कारण तिथून सगळं शेत दिसतं. तुमचा तसा असेल तर मोडा. वर बसलात की नळीचं तोंड खाली, म्हणजे वाडीकडे. खालच्या अंगाला बसा, वाडीकडे पाठ आणि डोंगराकडे तोंड. मग जी गोळी सुटेल ती चढाच्या मातीत जाईल. यात आणखी एक फायदा आहे, तो कॅलिबरवाले कधी सांगत नाहीत. आभाळ निवळलेलं असलं की रात्री थंड झालेली हवा उतारावरून खाली सरकते. डुकराची नजर बेताची, पण नाक जबरदस्त. ते वरून काजूतून उतरतं आणि वारा त्याच्याकडून तुमच्याकडे येतो. वर बसणाऱ्याचा वास मात्र अख्ख्या शेतावर पसरतो आणि तो सकाळी म्हणतो, "आज आलीच नाहीत." पावसाळी वाऱ्यात हे गणित चुकतं, तेव्हा चिमूटभर राख सोडून बघायची.

दुसरं, उंची. जमिनीवर उभं राहून पन्नास मीटरवरच्या डुकरावर बार काढलात तर गोळी इतकी आडवी जाते की त्याच्या छातीतून निघून वीसेक मीटर पुढे जमिनीला घासते, आणि घासून पुन्हा उठू शकते. नळी चार मीटर उंच असेल आणि डुक्कर वीस मीटरवर, तर सपाट कुणग्यातही तीच गोळी त्याच्या मागे दोन-सव्वादोन मीटरवर मातीत रुतते. चार बांबू आणि शिडी यांनी जे होतं ते कुठल्याही बोअरने होत नाही.

आणि नेम. आपल्या रानडुकराच्या मानेपासून पाठीवर उभी आयाळ असते, चिडलं की आणखी ताठ. अंधारात ती सगळी उंची अंगाचीच वाटते आणि नवा माणूस मधोमध नेम धरतो. बार कण्याच्या वरून किंवा अगदी पाठीला चाटून जातो. काळीज खाली असतं, पुढच्या पायाच्या रेषेत, छातीपासून एक तृतीयांश उंचीवर. आडवं उभं राहीपर्यंत थांबा. थोराड नराच्या खांद्यावर जाड, चिवट चामड्याची ढाल असते, तिथे लांबून मारलेले छर्रे अडतात. 'डुकराला छर्रा लागत नाही' ही गावातली समजूत त्यातूनच आली असावी. पंधरा-वीस मीटरवर एलजी लागतो, नीट लागतो.

घायाळ झालं तर लगेच मागे जायचं नाही. निदान अर्धा तास माळ्यावरच. जाळीत बसलेलं जखमी डुक्कर माणूस दोन हातांवर येईपर्यंत हलत नाही, आणि मग सरळ मांडीवर येतं. सुळ्याची जखम कुठे होते हे गावात कुणालाही विचारा.

नुसता आवाज आला, पान हललं, डोळा चमकला म्हणून बार काढायचा नाही. अख्खं जनावर दिसेपर्यंत बोट चापाच्या बाहेर. कोकणात डुक्कर समजून माणूस मेल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. त्यात बहुतेक वेळा मरणारा आणि मारणारा एकाच वाडीचे असतात.

आता परवान्याचं, कारण तुमच्या पत्रातली दुसरी धोक्याची ओळ तिथे आहे. वडिलांच्या नावावरची बंदूक तुम्ही रात्री घेऊन जाता. हे आजपासून बंद. परवाना माणसाचा असतो, घराचा नाही. तुमच्या हातात ती सापडली तर गुन्हा तुमच्यावर आणि बंदूक जप्त. वडिलांची तर ती आयुष्यभराची राखण. मार्ग सोपा आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारक ७० वर्षांचा झाला, किंवा शस्त्र २५ वर्षं त्याच्याकडे असलं, तर तो हयात असतानाही वारसाच्या नावाने परवान्याचा अर्ज करता येतो. वडील ७२ चे आहेत. अर्जात सोबत हेही मांडा, की ठासणीची अपुरी पडते आणि बारा बोअर हवी. सातबारा, नुकसानीचे पंचनामे, सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र जोडा. वेळ लागेल. निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करण्याची नोटीसही येईल, बहुधा भात पोटरीत असतानाच. आमच्याकडेही येते. चिडून उपयोग नाही, पावती जपून ठेवा.

पण बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायची परवानगी नव्हे. इथे भलेभले फसतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानडुक्कर संरक्षित आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते अनुसूची दोनमध्ये आलं. शिकारीला आपल्याकडे बंदी आहे. उभ्या पिकाचं नुकसान करणारं जनावर मारायला कलम ११ खाली लेखी आदेश लागतो, त्यासाठी तुमच्या वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात अर्ज करायचा. आदेशात जागा, मुदत, अटी जे काही लिहिलं असेल ते शब्दन् शब्द पाळायचं. मारलेलं डुक्कर सरकारची मालमत्ता. वनखात्याला कळवायचं आणि ते सांगतील तशी विल्हेवाट. सागोतीचा बेत आखलेल्यांना हे कडू लागतं, पण बंदुका आणि माणसं आत जातात ती बऱ्याचदा त्या पातेल्यामुळेच.

आदेश हातात येईपर्यंत काय करायचं, असं तुम्ही विचाराल. सौर झटका कुंपण घाला, भुईमूग आणि रताळ्यांभोवती आधी. भाताला पोटरीच्या वेळी तेच हलवता येतं. तार खालची जमिनीपासून वीतभर, नाहीतर डुक्कर खालून मुसंडी मारतं. तारेखालचं गवत काढत राहा, ते टेकलं की झटका मरतो. वायरमनच्या ओळखीने घरची लाईन तारेत सोडायची नाही, फासकी लावायची नाही, गावठी बॉम्ब तर नाहीच. फासकीत डुकराआधी बिबट्या अडकतो आणि लाईनच्या तारेला शेजाऱ्याची म्हैस किंवा शेजारी. आणि नुकसान झालं की त्याच दिवशी वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्या. भरपाई कमी मिळाली तरी ते कागद पुढे बंदुकीच्या अर्जालाही लागतात आणि आदेशाच्या अर्जालाही.

हे सगळं वाचूनही रायफलच हवी असेल, तर .३१५ घ्या, थर्टी-ऑट-सिक्स नको. सॉफ्ट नोज गोळीच वापरा आणि बैठक मी सांगितली तशीच ठेवा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, तेव्हा पहिली जागा बारा बोअरला द्या.

पुढच्या पत्रात एक साधा नकाशा काढून पाठवा. शेत, वाडी, पायवाट, विहीर, आणि कातळ कुठे उघडा पडलाय ते. रताळ्यांच्या वरच्या बाजूला माती आहे की जांभा, हे मला त्यात दिसलं पाहिजे. माळ्याचे खांब कुठे पुरायचे ते त्यावरून सांगतो.